नाव नसलेल्या कुप्या : कंपाउंडिंग फार्मसी, अमेरिकेतली राज्य बोर्डं आणि एनईसीसी

खलबत्ता

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांच्या धाग्यावर मागे कुणीतरी विचारलं होतं, की 'कंपाउंडेड' म्हणून स्वस्तात मिळतं ते नक्की काय असतं आणि कायद्यात बसतं का. उत्तर तिथेच लिहायला घेतलं, पण ते इतकं वाढलं की मूळ धाग्याची वाट लागली असती. म्हणून वेगळा धागा काढतेय. मी अमेरिकेत एका हॉस्पिटलच्या फार्मसीत, निर्जंतुक औषधं बनवणाऱ्या विभागात काम करते. विषय रोजचा आहे, मात्र मी वकील नाही.

आधी व्यवस्था सांगते. कारखान्यात बनलेलं, एफडीएने (अमेरिकेच्या केंद्र सरकारचं औषध नियंत्रण खातं) मंजूर केलेलं औषध प्रत्येकाला चालतंच असं नाही. तीन वर्षांच्या पोराला गोळी गिळता येत नाही आणि त्या औषधाचं सिरप बाजारात नसतं. कुणाला गोळीतल्या रंगाची ॲलर्जी असते. अशा वेळी फार्मासिस्ट त्या माणसापुरतं औषध बनवून देतो, ते कंपाउंडिंग. १९९७ च्या कायद्यातल्या कलम ५०३ए ने अशा औषधाला भली मोठी सूट दिली आहे. एफडीएची मंजुरी नको, कारखान्यांना लागू असलेले उत्पादनाचे कडक नियमही नकोत. त्या बदल्यातली मुख्य अट म्हणजे औषध ठरावीक पेशंटच्या प्रिस्क्रिप्शनवर बनलेलं हवं. नेहमीच्या मागणीचा अंदाज घेऊन थोडंफार आधी बनवून ठेवता येतं, पण ते मर्यादित.

आता मेख. डॉक्टर म्हणतो, "कुणाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही, पण कपाटात पन्नास कुप्या असू देत." याला इथे 'ऑफिस स्टॉक' म्हणतात. इथे नावाची अट सुटते. फार्मसीला परवाना देणारं आणि तिची तपासणी करणारं असतं राज्याचं फार्मसी बोर्ड, कारखान्यांवर नजर असते केंद्राच्या एफडीएची. नाव सुटलं की दुकान कारखान्यासारखा माल काढायला लागतं. पण तपासायला येतो तो बोर्डाचाच माणूस, ज्याचा हात रजिस्टरं आणि परवाने बघण्यावर बसलेला असतो.

याचं काय होतं ते २०१२ मध्ये दिसलं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर नावाची फार्मसी होती, एनईसीसी. पाठदुखीसाठी मणक्यात टोचतात ते स्टेरॉइड, मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट, प्रिझर्वेटिव्हशिवाय बनवून ती देशभर विकत होती. त्या वर्षी २१ मे, २९ जून आणि १० ऑगस्टला बनलेल्या तीन बॅचेसमध्ये बुरशी गेली. साडेसतरा हजारांवर कुप्या २३ राज्यांत पोचल्या, सुमारे १४ हजार लोकांना ते औषध टोचलं गेलं. सीडीसीच्या (केंद्राची रोगनियंत्रण संस्था) मोजणीत २० राज्यांत ७५३ आजारी आणि ६४ मृत्यू. पुढे खटल्यांच्या काळात सरकारी वकील मृतांचा आकडा शंभरावर सांगत होते. मेंदूच्या आवरणाला बुरशीने सूज, काहींना बुरशीनेच पक्षाघात, आणि वाचले त्यांना महिनोन् महिने व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध. ते औषध घेताना माणसाला नसलेल्या गोष्टी दिसतात, यकृत बिघडतं.

एफडीएने परत आलेल्या ३२१ कुप्या पाहिल्या तर ८३ कुप्यांत हिरवट काळं काहीतरी नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. प्रयोगशाळेत ५० कुप्या तपासल्या, पन्नासच्या पन्नास कुप्यांत जंतू वाढले. क्लीनरूमचा, म्हणजे निर्जंतुक औषध बनवायच्या खोलीचा, एसी रात्री बंद करत होते. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) जितका वेळ चालायला हवा तितका चालवत नव्हते. निर्जंतुकतेचा निकाल येण्याआधीच माल गाडीत चढत होता.

आणि लोकांना माहीत नसतं ते हे : मॅसॅच्युसेट्सच्या नियमात पेशंटच्या नावाची अट तेव्हाही होती. एनईसीसी दवाखान्यांना सांगायची, नावांची यादी पाठवा म्हणजे झालं. मग याद्या आल्या. आरोपपत्रात त्यातली नावं दिली आहेत : मायकल जॅक्सन, डायना रॉस, फ्रेडी मे. पेशंटच्या कागदावर चक्क अशी नावं लिहून शेकडो कुप्या रवाना झाल्या, आणि कागद तपासायला जे फार्मासिस्ट बसवले होते त्यांनी ते पास केले.

नियम होता. तो कोण वाचत होतं, हा माझा प्रश्न आहे. इथे अमेरिकेत आणि भारतात या धंद्यात असलेले लोक आहेत. तुमचं म्हणणं लिहा.

टेनेसीचा_तात्या

ताई, उत्तम धागा. आम्ही तेव्हा नॅशव्हिलजवळच राहायचो, त्यामुळे ते आठवडे अजून आठवतात. एक गोष्ट राज्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. हे प्रकरण पकडलं ते एफडीएने नाही. १८ सप्टेंबर २०१२ ला व्हँडरबिल्ट हॉस्पिटलच्या डॉ. एप्रिल पेटिट यांनी टेनेसीच्या आरोग्य खात्याला कळवलं, की मणक्यात इंजेक्शन घेतलेल्या एका पेशंटच्या पाठीच्या पाण्यात ॲस्परजिलस बुरशी सापडली आहे. धडधाकट माणसाला असं होत नाही. खात्यातल्या डॉ. मॅरियन केनर यांनी लगेच त्या क्लिनिकला फोन केला. आणखी पेशंट निघाले. २६ सप्टेंबरला तीन बॅचेस बाजारातून परत मागवल्या गेल्या. म्हणजे आठ दिवस! सरकारी खातं आठ दिवसांत हलतं यावर माझा तोपर्यंत विश्वास नव्हता.

नंतर खात्याचे लोक इंजेक्शन घेतलेल्या एकेका माणसाला फोन करत होते, फोन लागला नाही तर घरी जात होते. टेनेसीत १५३ आजारी पडले, १६ गेले. मिशिगनमध्ये आकडा याहून मोठा, २६४.

खलबत्ता

तात्या, अगदी बरोबर, आणि मी हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं असं तुमचं म्हणणं असेल तर मान्य. रोग शोधणारं राज्य खातं आणि फार्मसीला परवाना देणारं राज्य बोर्ड ही दोन वेगळी माणसं. एक चपळ निघालं. दुसऱ्याचं ऐका.

कोलोरॅडोच्या बोर्डाला २०११ मध्येच कळलं होतं की एनईसीसी त्यांच्या राज्यात बिननावाचा माल पाठवते. त्यांनी 'बंद करा' असा आदेशही काढला. तरी माल येतच राहिला. २६ जुलै २०१२ ला कोलोरॅडोने मॅसॅच्युसेट्सच्या बोर्डाला पुन्हा कळवलं, कारण मूळ परवाना त्यांचा. बोर्डाच्या संचालकांनी त्यावर काही केलं नाही. पुढे त्यांना काढून टाकलं. आता वरच्या तारखा बघा. तिसरी बॅच बनली १० ऑगस्टला.

आणि ही पहिली तक्रार नव्हती. २००२ मध्ये एफडीए आणि बोर्ड दोघांचेही लोक तिथे जाऊन आले होते. २००६ मध्ये बोर्डाने कारवाईऐवजी समझोता केला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एफडीएने वॉर्निंग लेटर पाठवलं. त्यानंतर सहा वर्षं दोघंही एकमेकांकडे बघत बसले.

डोळस

मी रेटिनाचा डॉक्टर, सध्या न्यू जर्सीत. खलबत्ताताई, तुमच्या आकड्यांबद्दल वाद नाही. पण ऑफिस स्टॉक म्हणजे चोरी असा सूर लागतोय त्याला हरकत घेतो.

एक उदाहरण. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा डोळ्यात इंजेक्शन दिल्यावर क्वचित एखाद्याच्या डोळ्याच्या आत संसर्ग होतो, एन्डॉफ्थॅल्मायटिस. डोळ्याच्या आत अँटिबायोटिक टोचायचं असतं, व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम ०.१ मिलिलिटरमध्ये आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम ०.१ मिलिलिटरमध्ये. या ताकदीचं तयार इंजेक्शन कुठलीच कंपनी बनवत नाही. पेशंट शुक्रवारी संध्याकाळी येतो, आणि तास मोजायचे असतात. आता मी त्याच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन लिहून फार्मसीला पाठवू, त्यांनी बनवावं, कुरिअर सोमवारी यावं? सोमवारी तो डोळा गेलेला असेल.

दुसरं, अव्हास्टिन. कॅन्सरसाठी बनवलेल्या एका कुपीतून डोळ्यांसाठी कितीतरी सिरिंजा भरता येतात. एका डोसला साधारण ५० डॉलर. त्याच कामाच्या मंजूर इंजेक्शनची, ल्युसेंटिसची किंमत आली तेव्हा दोन हजारांच्या घरात होती. हे भरायचं काम फार्मसीच करते. तुम्ही नावाची सक्ती केलीत की गरीब पेशंटचं औषध महाग होतं. हे कायदा लिहिणाऱ्यांनी कधी बोलून दाखवलं?

पायरीवर_बसलेला

मला एक साधा प्रश्न पडलाय. कागदावर नाव असलं काय नि नसलं काय, बुरशी नाव वाचते का? एनईसीसीची घाण क्लीनरूममध्ये होती. 'सखाराम गणेश' असं लेबल लावलं असतं तरी सखाराम आजारी पडलाच असता. मग सगळं घोडं नावापाशी का अडतंय? जागा स्वच्छ आहे का, ते तपासा की.

खलबत्ता

पायरीवर, हा प्रश्न मला आवडला. नावाने कुपी निर्जंतुक होत नाही हे खरंच. नाव काम करतं ते आकड्यावर. फार्मसी एकेका प्रिस्क्रिप्शनवर औषध बनवत असेल तर चूक झाली तर एक माणूस, फार तर पाच जण. नाव उठलं की एका टाकीतून सहा हजार कुप्या निघतात आणि चूकही तेवढ्याच कुप्यांत जाते. शेजारच्या चार जणांना डबा देणाऱ्या बाईकडे अन्न परवान्याचे जे नियम लागतात तेच नियम रोज दहा हजार डबे काढणाऱ्याला लावून कसं चालेल? सूट लहान आकारासाठी होती. आकार लहान आहे याचा कायद्याकडे असलेला पुरावा म्हणजे ते नाव.

डोळस, तुमच्या शुक्रवारच्या पेशंटला उत्तर आहे, आणि ते २०१३ मध्ये मिळालं. एनईसीसीनंतर संसदेने नवा कायदा केला, २७ नोव्हेंबर २०१३ ला ओबामांची सही झाली. त्यातल्या कलम ५०३बी ने 'आउटसोर्सिंग फॅसिलिटी' हा नवा वर्ग काढला. नावाशिवाय माल पाठवायचाय? पाठवा. पण मग एफडीएकडे नोंदणी करा, वर्षाची हजारो डॉलर फी भरा, कारखान्याचे उत्पादन नियम पाळा, एफडीए येऊन धोका पाहून तपासणी करेल, आणि कुणाला त्रास झाला तर कळवा. व्हॅन्कोमायसिन तिथून मागवून फ्रिजमध्ये ठेवता येतं.

अव्हास्टिन मात्र वेगळं. ते जैविक औषध असल्यामुळे ५०३ए, ५०३बी दोन्हींत बसत नाही. त्यासाठी एफडीएने २०१८ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शन काढलं. आणि अव्हास्टिनचाही इतिहास आहे. २०११ मध्ये मायामीच्या आसपास एका फार्मसीने भरलेल्या सिरिंजांमुळे डझनभर पेशंटांच्या डोळ्यांत स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला होता.

डोळस

५०३बी कागदावर छान आहे. पण ज्या औषधाच्या वर्षाला चाळीस सिरिंजा लागतात ते बनवण्यात त्या मोठ्या कंपन्यांना रस नसतो. त्यांना हजारांत विकलं जाणारं हवं. मग मी काय करतो? हॉस्पिटलच्या फार्मसीला गळ घालतो. तुमच्यासारख्या एखाद्या ताई रात्री थांबतात म्हणून निभावतं.

खलबत्ता

हे खरं आहे. आमच्याकडेही असे फोन येतात.

ह्यूस्टनकर_भाऊ

मी टेक्सासमध्ये एका छोट्या स्वतंत्र फार्मसीत फार्मासिस्ट आहे. ताई, तुमच्या पोस्टमध्ये केंद्र आणि राज्य यांचा गुंता थोडक्यात उरकलाय, आम्हाला रोज त्यातूनच चालावं लागतं.

टेक्सासच्या नियमांत डॉक्टरच्या वापरासाठी वाजवी प्रमाणात कंपाउंडिंग करता येतं, म्हणजे नावाशिवाय. फ्लोरिडातही तसंच. आमचा परवाना राज्याचा, आमचा इन्स्पेक्टर राज्याचा, तो येतो आणि म्हणतो सगळं ठीक. मग एफडीएचा माणूस येतो आणि म्हणतो, हे ५०३ए मध्ये बसत नाही, नाव कुठे आहे? २०१६ च्या अखेरीस एफडीएने मार्गदर्शन काढून स्पष्टच केलं की नाव हवंच, आगाऊ बनवायचं तर साधारण ३० दिवसांच्या मागणीइतकं. राज्य म्हणतं चालेल, केंद्र म्हणतं नाही चालणार. दोन्हीकडे दंड भरणारा एकच.

आणि एनईसीसीच्या पापाची फळं आम्ही का भोगायची? गावातल्या त्वचारोगतज्ज्ञाला मी दहा ट्यूब भूल देणारं मलम देत होतो. ते बंद झालं. त्याचे पेशंट आता शंभर मैलांवर जातात.

कायदेपंडित_नाही

भाऊ, एफडीए असं का वागते ते जरा उलगडतो. १९९७ च्या कायद्यात फार्मसीने कंपाउंड केलेल्या औषधाची जाहिरात करू नये अशी अट होती. फार्मस्या कोर्टात गेल्या. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती अट अभिव्यक्तीस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून काढली, निकाल न्यायमूर्ती ओ'कॉनर यांचा. आता प्रश्न असा की जाहिरातीची अट गेली, तर बाकीचं कलम शिल्लक आहे की नाही? पश्चिमेकडच्या नवव्या सर्किटने (केंद्राचं विभागीय अपील कोर्ट) २००१ मध्येच म्हटलं होतं, सगळंच गेलं. २००८ मध्ये टेक्सासच्या पाचव्या सर्किटने म्हटलं, उरलेलं शाबूत. म्हणजे तुम्ही कुठल्या राज्यात आहात त्यावर केंद्राचा कायदा आहे की नाही ते ठरत होतं. एनईसीसीच्या काळात एफडीए हात आखडून बसली होती त्याचं हे एक कारण. सगळं कारण नव्हे, वॉर्निंग लेटर पाठवून विसरायला कोर्टाने सांगितलं नव्हतं. २०१३ च्या कायद्याने जाहिरातीची अट काढून टाकली आणि वाद संपवला.

ह्यूस्टनकर_भाऊ

म्हणजे भांडण वॉशिंग्टनमध्ये आणि दंड ह्यूस्टनमध्ये. बरं.

एक मात्र कबूल. २०१३ मध्ये आमच्याच राज्यातल्या एका कंपाउंडिंग फार्मसीच्या कॅल्शियम ग्लुकोनेटमुळे दोन हॉस्पिटलांतल्या पेशंटांच्या रक्तात जंतू गेले. एनईसीसीला वर्षही झालं नव्हतं. तेव्हा 'आम्ही सगळे स्वच्छ' असं मी म्हणणार नाही.

अण्णा_केमिस्ट

नाशिकहून लिहितोय, दुकान वडिलांपासूनचं. वाचून गंमत वाटली, कारण आमच्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूने सुटलाय. म्हणजे कंपाउंडिंगच जवळजवळ संपलं.

वडिलांच्या काळात डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर असायचा, मागच्या खोलीत मोठ्या बरण्या, लाल-गुलाबी मिक्श्चर, बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी. पेशंट बाटली घरून आणायचा. बाहेर बाकावर सगळ्यांच्या बाटल्या रांगेत. आता सगळं पट्टीत आणि सीलबंद बाटलीत येतं. कायद्यात मात्र ते अजून आहे. औषध नियमावलीतल्या नियम ६५ प्रमाणे दुकानाच्या जागेत बनवलेलं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली बनवलेलं पाहिजे. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ तेच सांगतं. आणि डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला त्याच नियमावलीच्या अनुसूची के मध्ये सवलत आहे.

आमच्याकडे त्वचेचे डॉक्टर अजून दोन मलमं मिसळून द्यायला सांगतात. ते सोडलं तर खलबत्ता शोकेसमध्ये. (हे आयडीवरून नाही हो ताई.)

डोळ्यांच्या अव्हास्टिनचा प्रकार इथेही झालाय. २०१६ च्या जानेवारीत अहमदाबादला पेशंटांच्या डोळ्यांना संसर्ग झाला, केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यांसाठी वापरू नका असा इशारा काढला आणि नंतर मागे घेतला. इथे ते भरून देणारी फार्मसी नसते, बहुतेक ठिकाणी ऑपरेशन थिएटरमध्येच कुपीतून काढतात.

अवांतर : राज्याच्या यंत्रणेवर विषय आहे म्हणून आठवलं. १९८६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, १४ पेशंट गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. ते कंपाउंडिंग नव्हतं. पण पुरवठादार, हॉस्पिटल आणि आपलं अन्न व औषध प्रशासन या तिघांनी बोट दुसऱ्याकडे कसं दाखवलं ते त्या काळच्या पेपरांत वाचलेलं आठवतंय, आणि ताईंनी लिहिलेलं कोलोरॅडोचं पत्र वाचताना तेच आठवत होतं.

पायरीवर_बसलेला

अण्णा, दवाखान्यातल्या त्या लाल मिक्श्चरला नाव होतं का हो पेशंटचं?

अण्णा_केमिस्ट

बाटली पेशंटची स्वतःची होती की. त्याहून पक्कं नाव कुठलं?

घोड्यांची_काकू

माणसांचं चाललंय त्यात जनावरं घुसवते, माफ करा. फ्लोरिडात व्हेट टेक्निशियन आहे. २००९ मध्ये इथल्याच वेलिंग्टनला पोलोच्या स्पर्धेआधी २१ घोडे एकापाठोपाठ पडले. कंपाउंडिंग फार्मसीने बनवलेल्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनात सेलेनियम भरमसाट जास्त झालं होतं. तिथे प्रिस्क्रिप्शन होतं, तेव्हा नावाने सगळं भागतं असं नाही हे पायरीवरांचं म्हणणं मला पटतं.

आणि जनावरांत ऑफिस स्टॉक पूर्ण बंद करणं अशक्यच. विष खाल्लेलं कुत्रं आलं की औषध कपाटात लागतं. म्हणून एफडीएने २०२२ मध्ये जनावरांसाठी यादीच काढली, या या पदार्थांपासून बनवलेलं औषध व्हेटच्या दवाखान्यात आधीपासून ठेवता येईल. माणसांसाठी अशी यादी का नाही काढत? डोळसांचं व्हॅन्कोमायसिन त्यात टाका, मिटला वाद.

डोळस

काकू, माझं मत तुम्हाला.

रोजचा_वाचक

सगळं वाचलं, पण मूळ प्रश्न वजनाच्या इंजेक्शनांचा होता तो राहिलाच! माझ्या मेव्हण्याने मागे ऑनलाइन फॉर्म भरला, कुणा डॉक्टरशी व्हिडिओवर जेमतेम बोलला, आणि घरी सेमाग्लुटाइडची कुपी आली. लेबलवर त्याचं नाव ठळक. ताईंच्या हिशोबाने नाव आहे म्हणजे छोटा आकार. पण अशी नावं लाखांनी असतील. मग तुमचा नावाचा पुरावा कुठे राहिला?

खलबत्ता

बरोबर जागेवर बोट ठेवलंत. नाव आकाराला बांध घालत होतं, कारण नावामागे गावातला एक डॉक्टर आणि एक फार्मसी असायची. फॉर्म, व्हिडिओ आणि कुरिअर आले तसा एक फार्मासिस्ट देशभरच्या नावांवर औषध पाठवू शकतो, आणि प्रत्येक कुपी कायद्याने 'पेशंटसाठी' बनलेली. एनईसीसीला नावं खोटी लिहावी लागली. इथे ती खरी मिळतात.

कायदा करणाऱ्यांना हा धोका अगदीच दिसला नव्हता असं नाही. ५०३ए मध्ये दोन आणखी अटी आहेत. एक, बाजारात मिळणाऱ्या औषधाची नक्कल नियमित किंवा जास्त प्रमाणात बनवायची नाही. सेमाग्लुटाइडचा देशात तुटवडा जाहीर झाला होता म्हणून ही अट ढिली पडली आणि सगळं फोफावलं. २१ फेब्रुवारी २०२५ ला एफडीएने तुटवडा संपल्याचं जाहीर केलं, राज्य परवान्यावरच्या फार्मस्यांना २२ एप्रिलपर्यंत आणि ५०३बी वाल्यांना २२ मेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर काहींनी त्यात बी-१२ मिसळून 'हे वेगळं औषध' म्हणायला सुरुवात केली, तो वेगळा धागा होईल.

दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. राज्याने एफडीएशी करार केला नसेल तर फार्मसीने एकूण मालाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. १९९७ पासून कायद्यात आहे. तो करार कसा असावा याचा नमुना एफडीएने २०२० मध्ये काढला, त्यावर खटला झाला, २०२१ मध्ये कोर्टाने तो एफडीएकडे परत पाठवला. तोवर ५ टक्क्यांची अमलबजावणी नाही. ही अट २०१२ ला लागू असती तर फ्रेमिंगहॅमच्या एवढ्या कुप्या २३ राज्यांत गेल्याच नसत्या, नावं खरी असोत वा मायकल जॅक्सनची. राज्याच्या बोर्डाला स्वतःच्या राज्यातल्या लोकांपुरतं बघणं झेपतं. टेक्सासच्या पेशंटसाठी फ्रेमिंगहॅमचा इन्स्पेक्टर जबाबदार, ही रचना कोलोरॅडोच्या पत्राने उघडी पाडली.

आणि रोजचा_वाचक, मेव्हण्याला एक सांगा. कुपी आणि सिरिंज वेगळी असेल तर डोस मिलिग्रॅममध्ये आणि सिरिंजवरच्या खुणा युनिटमध्ये असतात. यात गोंधळ होऊन लोकांनी पाचपट, दहापट डोस घेतल्याचा इशारा एफडीएने २०२४ मध्ये दिला होता.

ह्यूस्टनकर_भाऊ

५ टक्के लावले तर राज्याच्या सीमेवरच्या फार्मसीने काय करायचं? नदीपलीकडचं गाव दुसऱ्या राज्यात असतं, तिथलं हॉस्पिटल आपलंच गिऱ्हाईक.

खलबत्ता

म्हणून तर २०२० च्या नमुन्यात ५ टक्क्यांचं बंधन तसंच न ठेवता ५० टक्क्यांच्या वर गेल्यास राज्याने एफडीएला कळवायचं, अशी सोय केली होती. वाईट नव्हती. रखडली.

टेनेसीचा_तात्या

त्या मालकाचं पुढे काय झालं, कुणीच लिहिलं नाही. बॅरी कॅडन, प्रमुख आणि मुख्य फार्मासिस्ट. २०१७ मध्ये फसवणूक आणि संघटित गुन्ह्यात दोषी, खुनाच्या आरोपातून सुटला. नऊ वर्षं शिक्षा. अपिलानंतर २०२१ मध्ये ती साडेचौदा वर्षं झाली. क्लीनरूम सांभाळणारा ग्लेन चिन, त्याला आठ, नंतर साडेदहा. मिशिगनने वेगळा खटला चालवला, तिथे कॅडनने २०२४ मध्ये ११ जणांच्या सदोष मनुष्यवधाच्या आरोपाला आव्हान दिलं नाही, १० ते १५ वर्षं. दिवाळखोरीतून पीडितांसाठी २० कोटी डॉलरचा निधी निघाला, तो पीडितांत आणि वकिलांत वाटला गेला.

बोर्डावरचं कुणी तुरुंगात गेलं नाही.

पायरीवर_बसलेला

आणि मॅसॅच्युसेट्सने पुढे काय केलं?

खलबत्ता

२०१४ च्या जुलैमध्ये नवा राज्य कायदा. निर्जंतुक कंपाउंडिंगला वेगळा परवाना, बाहेरच्या राज्यातून माल पाठवणाऱ्यालाही परवाना. यात नवल नाही. कॅलिफोर्नियाने निर्जंतुक कंपाउंडिंगचा वेगळा परवाना २००१ मध्येच आणला होता, वॉलनट क्रीकमधल्या एका फार्मसीच्या इंजेक्शनांतून मेनिंजायटिस पसरल्यावर. तेव्हा बाकीच्या राज्यांनी ते वाचलं असतं तर अकरा वर्षं वाचली असती.

नवी_सून_नवं_शहर

मी इथे फक्त वाचत असते. सासूबाई अमेरिकेत आमच्याकडे आल्यात, त्यांच्या गुडघ्यात पुढच्या आठवड्यात इंजेक्शन आहे. हे सगळं वाचून हातपाय गळाले. क्लिनिकला काय विचारू? रागावणार नाहीत ना?

खलबत्ता

घाबरू नकोस ग. गुडघ्यात देतात ती बहुतेक इंजेक्शनं कंपनीची, मंजूर असतात. एवढंच विचार : "हे औषध कंपनीचं आहे की कंपाउंडेड?" कंपाउंडेड म्हणाले तर कुपीचं लेबल बघायला माग. ५०३बी ची असेल तर त्यावर 'हे कंपाउंडेड औषध आहे' असं छापलेलं असतं, बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि फोन, लॉट नंबर, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, 'पुनर्विक्रीसाठी नाही', आणि पेशंटचं नाव नसेल तर 'फक्त ऑफिस वापरासाठी'. त्या कंपनीचं नाव एफडीएच्या साइटवरच्या नोंदणीकृत आउटसोर्सिंग फॅसिलिटींच्या यादीत सापडलं पाहिजे. तिथेच तपासणीत काय निघालं तेही असतं. साध्या फार्मसीची कुपी असेल तर तिच्यावर सासूबाईंचंच नाव हवं. दोन्ही नसेल तर सरळ नको म्हण.

रागावले तर रागावू देत.

डोळस

रागावणार नाहीत. माझ्याकडे विचारतात लोक. मी कुपीच हातात देतो.

नवी_सून_नवं_शहर

आत्ताच फोन केला. कंपनीचंच आहे म्हणाल्या, नाव पण सांगितलं. लॉट नंबर त्या दिवशी लिहून घेईन. थँक्यू ताई.